नव्या गाडीची हवा जाते कुठे?

दसऱ्याला हार घालून आणलेली मोटारसायकल. हाराची सुतळी अजून हँडलला लटकत असते, तेवढ्यात कार्तिकातल्या एका सकाळी गाडी मागून जड वाटायला लागते. वळणावर मागचं चाक किंचित डुलल्यासारखं होतं. उतरून पाहावं तर टायर पूर्ण बसलेला नसतो आणि नीट भरलेलाही दिसत नाही. पंपावर हवा भरून घेतली की चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

कर्जत-खालापूर भागात हे पुष्कळांना नवं नाही. पहाटेच्या लोकलसाठी गाडी कर्जत स्टेशनबाहेर लावायची, दिवसभर मुंबईत राबायचं आणि रात्री परत आल्यावर मोबाइलच्या उजेडात आधी चाक दाबून पाहायचं. टायर सपाट झालेला असला तर निदान पंक्चरवाल्याला शोधता येतं. हळू उतरणारी हवा मात्र चकवते, कारण ती आपल्या डोळ्यांदेखत कधीच उतरत नाही.

आमच्या दहिवलीतल्या शेजाऱ्यांच्या मुलाचं असंच झालं. तो खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात कामाला आहे आणि रोज गाडीनेच जातो-येतो. गाडी दोन महिन्यांचीही नव्हती. पंपावरचा पोरगा म्हणाला वॉल खराब आहे, शोरूमवाले म्हणाले पंक्चर असणार, आणि पंक्चरवाल्याने चाक फिरवून सांगितलं की काहीच नाही. तिघांपैकी कुणीही काही मोजलं नव्हतं. म्हणून आपण सुरुवात मोजण्यापासून करू. गळती शोधण्याआधी ती आहे का, आणि असली तर किती आहे, हे कळायला हवं.

त्यासाठी स्वतःचा हवामापक घ्यावा. सुट्या भागांच्या दुकानात तो मिळतो. टायरमधला दाब पीएसआयमध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंडांचा दाब आहे ते. पंक्चरवाला ‘पुढे पंचवीस, मागे एकोणतीस’ म्हणतो तेव्हा तो हेच आकडे सांगत असतो. आपल्या गाडीचे नेमके आकडे गाडीवरच चिकटवलेले असतात, बहुधा चेनच्या झाकणावर किंवा मागच्या चाकाच्या दांड्यावर. एकट्याने चालवताना किती आणि मागे माणूस असताना किती, असे ते वेगवेगळे दिलेले असतात. पंपावरच्या यंत्रांवर फार विसंबू नये. दोन पंपांवर एकाच टायरचे दोन आकडे निघतात. आपला हवामापकही एखाद्या पीएसआयने चुकत असेल, पण तो रोज सारखाच चुकतो. आपल्याला फरक पाहायचा आहे, त्यामुळे तेवढं चालतं.

मोजायचं ते सकाळी, गाडी काढण्यापूर्वी. चालवलेल्या गाडीचा टायर तापलेला असतो आणि आतली हवा फुगून आकडा तीन-चारने सहज वर जातो. गाडी किमान 3 तास उभी असावी आणि त्या चाकावर ऊन नसावं. जुन्या हायवेने बोरघाट चढून लोणावळ्याला गेलात तर तिथे मोजू नका. टायर तापलेला असतोच, शिवाय साडेपाचशे मीटर उंची चढल्याने बाहेरचा दाब घटतो आणि मापक जवळजवळ एक पीएसआय जास्त दाखवतो. खोपोलीत उतरलात की तो जास्तीचा आकडा गेलेला असतो, आणि आपल्याला वाटतं हवा गेली.

याहून मोठा चकवा हवामानाचा. तापमान 10 अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. दसऱ्याच्या सुमाराला ऑक्टोबरचा उकाडा असतो. दुपारी 35 अंशांत शोरूममध्ये हवा भरलेली असते. पुढे डिसेंबरमध्ये कर्जतच्या पहाटे पारा 15 च्या आसपास येतो. 20 अंशांचा फरक पडला की 3 पीएसआय कमी, आणि तेही टायरला कुठे सुईएवढं भोक नसताना. त्यात चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा रबरातून झिरपतच असते. म्हणजे दसऱ्याला 29 भरलेला टायर नाताळात 23-24 दाखवत असेल, तर कदाचित काहीच बिघडलेलं नाही. हवा भरावी आणि विषय सोडावा. नव्या गाडीच्या पहिल्या थंडीत लोक जे ‘पंक्चर’ घेऊन फिरतात, त्यातली काही अशी हवामानाची असतात.

मग खरी गळती ओळखायची कशी? दोन्ही चाकांची तुलना करून. थंडी दोन्ही चाकांना सारखीच लागते. पुढचं-मागचं दोन्ही चाकं सकाळी योग्य आकड्यावर भरावीत आणि आठवडाभर एक दिवसाआड, त्याच वेळी मोजून कॅलेंडरच्या चौकोनात लिहावं. रोज चार-चार वेळा मोजू नये, कारण दर वेळी मापक लावताना फुस्सकन थोडी हवा जातेच. शेजाऱ्यांच्या मुलाच्या कॅलेंडरवर पुढचं चाक 25, 25, 25 होतं. मागचं 29, 27, 25. आता ही गळतीच होती, आणि ती कोणत्या चाकात आहे तेही ठरलं.

अशा आकड्यांवरून बरंच कळतं. हवा रोज सारखी कमी होत असेल तर भोक बारीक पण कायमचं आहे. आठवडाभर काहीच नाही आणि एखाद्या दिवशी एकदम आठ-दहाने घट, तर चाक विशिष्ट जागी टेकलं की उघडणारी फट असू शकते, किंवा वॉलमध्ये कण अडकून सुटत असेल. आणि स्टेशनबाहेर लावलेल्या दिवशीच हवा जात असेल, वॉलची टोपीही गायब असेल, तर गाडी कुणाच्या वाटेत लावली होती ते आठवून पाहावं. ही गळती साबणाच्या पाण्याने सापडत नाही.

पुढच्या तपासाआधी टायर ट्यूबचा आहे की बिनट्यूबचा, ते पाहावं. टायरच्या बाजूवर ‘ट्यूबलेस’ किंवा ‘ट्यूब टाइप’ असं कोरलेलं असतं. तारांच्या म्हणजे स्पोकच्या चाकात बहुधा ट्यूब असते, तर ओतीव मिश्रधातूच्या म्हणजे अलॉयच्या चाकात बहुधा नसते. ट्यूबलेसमध्ये टायरची कडा रिमला घट्ट चिकटते आणि तोच हवेचा डबा होतो. हा फरक महत्त्वाचा आहे. ट्यूबलेसमध्ये जिथे बुडबुडा तिथेच भोक असतं. ट्यूबच्या चाकात तसं नसतं. ट्यूबला भोक कुठेही असो, हवा टायरच्या आतून वाट काढत वॉलच्या भोकातून नाहीतर स्पोकच्या बुडातून बाहेर येते. मग वॉलपाशी बुडबुडे पाहून लोक वॉल बदलतात आणि हवा जायची ती जातच राहते. ट्यूबचं चाक असेल तर वॉलच्या तोंडाची तपासणी घरी करावी, बाकी ट्यूब काढून पाण्यात धरल्याखेरीज कळत नाही.

आता वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह. हवा आत जाऊ देणारं आणि बाहेर येऊ न देणारं हे दार. टोपी काढली की नळीच्या आत एक बारीक पिन दिसते. तिच्याखाली स्प्रिंग आणि रबराचं इवलंसं बूच असतं. पावसाळ्यात चिखलाने भरलेलं नोझल न पुसता वॉलवर दाबलं की वाळूचा एखादा कण त्या बुचाखाली जाऊन बसतो. पंक्चरवाले बोटाला थुंकी लावून वॉलच्या तोंडावर फिरवतात आणि बुडबुडा फुगतो का पाहतात. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, आपण थुंकीऐवजी साबणाचं पाणी घेऊ. बुडबुडा आला तर वॉलच्या किल्लीने पिन आधी थोडी घट्ट करून पाहावी. नव्या गाडीत ती नुसतीच सैल राहिलेली असू शकते. तरीही बुडबुडा येत असेल तर पिन बदलावी. काम दोन मिनिटांचं आहे, मात्र पिन काढताच सगळी हवा जाणार, म्हणून ते हवेच्या पंपाजवळच करावं.

वॉलच्या बुडाकडे सहसा कुणी पाहत नाही. ट्यूबलेस चाकात रबरी वॉल रिमच्या भोकात ओढून बसवलेला असतो. तिथे साबणाचं पाणी लावून वॉल हलकेच चारही बाजूंना वाकवावा. सरळ उभा असताना गप्प बसणारी चीर वाकवल्यावर बोलते. पंपावर नोझल आडवंतिडवं ओढलं की हे रबर बुडाशी तडकतं, आणि चाक फिरताना वॉल बाहेरच्या बाजूला ओढला गेल्याने ती तड उघडते. चालवताना हवा जाते आणि उभ्या गाडीत टिकते, असं कोडं पडलं असेल तर या जागेवर आधी संशय घ्यावा. टोपीही हरवू देऊ नये. आत रबराची चकती असलेली टोपी धूळ तर अडवतेच, शिवाय थोडीफार हवाही रोखते.

वॉल निर्दोष निघाला की टायरचा जमिनीला टेकणारा भाग तपासावा. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी. तो नसेल तर थोडी थोडी पुढे ढकलत, चाकाचा एकेक चौथा भाग वर आणत पाहावं. सुरू केलेली जागा खडूने खुणावली म्हणजे पूर्ण फेरी झाल्याचं कळतं. टॉर्च तिरका धरावा. खाचांत अडकलेली खडी पुष्कळ निघेल. आपल्याकडच्या रस्त्यांवर तिला तोटा नाही. बोथट काडीने ती काढत जावी, पण खिळा, स्क्रू किंवा तारेचं टोक दिसलं तर हात आवरावा. तो खिळा बूच होऊन बसलेला असतो. घरी उपटला की हळू गळती फटकन पंक्चर होते आणि गाडी ढकलत न्यावी लागते. खडूने गोल काढून तसंच पंक्चरवाल्याकडे जावं.

खिळ्यापेक्षा वाईट म्हणजे तार. जड ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यांच्या पोटातल्या पोलादी दोऱ्या सुटून केसाएवढ्या तारांचे तुकडे रस्त्यावर पडतात. चौकपासून खालापूर, खोपोली आणि पुढे घाटापर्यंतचा जुना मुंबई-पुणे हायवे रात्रंदिवस अवजड गाड्यांचा, आणि एक्स्प्रेसवेवर दुचाकींना बंदी, त्यामुळे आपण जाणार ते याच रस्त्याने. रस्त्याच्या कडेला जिथे ही कचपट साचते तिथूनच दुचाकी चालते. असा तुकडा टायरात शिरला की बाहेर टोकसुद्धा दिसत नाही. तळहाताने चाचपून पाहण्याचा मोह टाळावा. तार बोटात घुसते, आणि एवढी बारीक की निघता निघत नाही.

इथे साबणाच्या पाण्याचं काम सुरू होतं, आणि बहुतेकांचं चुकतंही इथेच. आपण घाईत बाटली फसाफसा हलवतो, फेस टायरवर थापतो, मिनिटभर पाहतो आणि ‘काही नाही’ म्हणून सोडून देतो. थोडा हिशेब करून पाहा. मोटारसायकलच्या मागच्या टायरात साधारण 10 लिटर जागा असते. तीन दिवसांत 3 पीएसआय उतरले म्हणजे सुमारे 2 लिटर हवा गेली. ती 72 तासांवर वाटली की मिनिटाला जेमतेम अर्धा मिलिलिटर पडते, म्हणजे पाण्याच्या दहाएक थेंबांएवढी. अशा गळतीचा बुडबुडा भसभस येत नाही. मोहरीच्या दाण्यांसारखी पांढरी बारीक पुंजकी हळूहळू जमते. आधीचाच फेस असेल तर ती त्यात दिसतही नाही.

म्हणून अर्ध्या पेल्यात चमचाभर भांड्याचा साबण न फेसता मिसळावा आणि ब्रशने टायरवर पातळ लावावा. टायरात हवा शिफारशीएवढी पूर्ण असावी, कारण अर्धवट भरलेल्या टायरमधून गळती मंदावते. एकेका भागाला किमान 5 मिनिटं द्यावीत. सावलीत करावं, उन्हात पाणी आधी वाळतं. ब्रेकच्या चकतीवर साबण उडू देऊ नये, उडाला तर साध्या पाण्याने धुऊन टाकावा. चेनसाठीचा तेलकट फवारा तर टायरजवळ आणूच नये.

टायर आणि रिम जिथे भेटतात ती कडा, तिला बीड म्हणतात, दोन्ही बाजूंनी तशीच तपासावी. नव्या गाडीत इथे लक्ष देण्याजोगी एक खूण असते. टायरच्या बाजूवर, रिमला लागून, एक बारीक उठावदार रेघ गोल फिरलेली असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर हवी. एखाद्या ठिकाणी ती रिमखाली बुडालेली दिसली तर टायर बसवतानाच नीट बसलेला नाही, आणि हा दोष आपला नव्हे. बाकी या भागातला पावसाळा आपण जाणतोच. हवा कमी असताना खड्ड्यात जोरात आपटलं की कडा क्षणभर उघडते आणि चिखलाचा कण आत अडकतो, नाहीतर रिमलाच पोचा पडतो. पोचा पाहायला चाकाच्या दांड्याला आगपेटीची काडी अशी चिकटवावी की तिचं टोक रिमच्या अगदी जवळ राहील, आणि चाक हाताने हळू फिरवावं. काडी आणि रिममधली फट कमी-जास्त होत राहिली तर रिम वाकडी आहे.

ओतीव रिममध्येच सूक्ष्म छिद्र असणं हा प्रकार विरळा. पण घडतो. बुडबुडा टायरवर किंवा कडेवर न येता रिमच्या धातूवर, रंगाखालून येताना दिसला तर मोबाइलमध्ये त्याची चित्रफीत काढून ठेवावी. तोंडी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही.

एवढं करूनही सापडलं नाही तर चाक काढून टाकीत बुडवावं लागेल. पंक्चरवाल्याला सांगावं की चाक तसंच धरून ठेव, गरागरा फिरवू नको. टायरच्या खाचांत अडकलेली हवाही सुरुवातीला बुडबुडे सोडते. ते थांबेपर्यंत थांबायचं आणि त्यानंतर जो येत राहतो तो पकडायचा. शेजाऱ्यांच्या मुलाची तार आम्हाला अंगणातच सापडली, तीही दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीत गळतीची जागा नेमकी जमिनीला टेकलेली होती आणि आम्ही गाडी पुढे ढकलायला विसरलो होतो.

दुरुस्तीची गोष्ट थोडक्यात. टेकणाऱ्या भागाच्या मधल्या पट्ट्यातलं बारीक भोक चिकट दोरीने, म्हणजे स्ट्रिपने, बाहेरून बुजवता येतं. खिळा ज्या तिरक्या दिशेने गेला होता त्याच दिशेने सुई घालायला हवी, नाहीतर शेजारी दुसरं भोक पडतं आणि पहिलं तसंच राहतं. टायर उतरवून आतून मशरूमच्या आकाराचं रबरी बूच बसवणं अधिक टिकाऊ, विशेषतः पुढच्या चाकाला. बाजूच्या भिंतीत भोक असेल तर कुणी कितीही खात्री दिली तरी ते बुजवू नये, टायर बदलावा. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर ती सापाच्या दातांची खूण खिळ्याची नसते. हवा कमी असताना ट्यूब रिम आणि खड्ड्यात चिमटली गेलेली असते, किंवा टायर बसवताना पट्टीखाली सापडलेली असते.

गळती बुजवणारं चिकट द्रव टायरात ओतण्याचा सल्ला हमखास मिळेल. शोरूमकडे तक्रार करायची असेल तर तोवर ते घालू नये, कारण मग मूळ दोष दाखवताच येत नाही. वॉरंटीचं पुस्तक आधी वाचावं. बहुतेक गाड्यांच्या वॉरंटीत टायर नसतो. त्याची जबाबदारी टायर बनवणाऱ्या कंपनीची, तीही बनावटीतल्या दोषापुरती. खिळ्याचं पंक्चर कुणाच्याच पुस्तकात बसत नाही. पण रिममधलं छिद्र, सैल वॉल किंवा नीट न बसवलेली कडा यांबद्दल शोरूमला विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. तिथे कॅलेंडरवरच्या आकड्यांचा फोटो, चित्रफीत आणि टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा घेऊन जावं. त्या आकड्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे 3224 असेल तर टायर 2024 च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला आहे.

चाक काढून परत बसवलं असेल तर निघण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे का, आसाचा नट आवळलेला आहे का, चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का. चौथी सगळ्यात महत्त्वाची. मागे डिस्क ब्रेक असेल तर पायातला ब्रेक पाच-सहा वेळा दाबून तो पुन्हा कडक लागतो का, हे उभ्या गाडीवरच पाहावं. चाक काढताना आतली पॅडं मागे सरकतात आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. पंक्चरवाल्याकडून थेट घाटाच्या उतारावर जाणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

त्यानंतर पुन्हा आठवडाभर कॅलेंडर. शेजाऱ्यांच्या मुलाने काढलेली तार आगपेटीत ठेवली आहे, जेमतेम सेंटिमीटरभर. मागचं चाक पुढच्या मोजणीला 29, त्यानंतरही 29. मग एका सकाळी तो हवामापक घेऊन थेट आमच्या ओट्यावर आला. “काका, आता दोन्ही चाकांत एकेक कमी झालाय.” मी अंगावरची शाल सावरली आणि त्याला आधी चहा घ्यायला बसवलं.